सोवळ्यातलं आभाळ

आभाळाला कुंपण नसतं, असं कवी लोक म्हणतात. म्हणू देत बापडे. त्यांना खडकवेसच्या हवाई नियंत्रण केंद्रात एक पाळी बसवायला हवं, म्हणजे भ्रम फिटेल. आभाळाला कुंपण असतं, फाटक असतं, आणि फाटकावर डोळ्यांत तेल घालून बसलेलं माणूसही असतं.

कुंपण घालतं सैन्य. कुठे तोफांचा सराव, कुठे लढाऊ विमानांचा, तर कुठे नुसतंच 'इकडे फिरकू नका आणि का ते विचारू नका'. पूर्वी आभाळाचा अख्खा ठोकळाच्या ठोकळा दिवसभर बंद असायचा, जमिनीपासून थेट वरपर्यंत. आत एकच विमान घटकाभर उडणार असलं तरी प्रवासी विमानांनी बाहेरून वळसा घालायचा. जाळा इंधन, कोण विचारतो!

या बंद आभाळाला खडकवेसच्या केंद्रात 'सोवळं' म्हणत. सैन्यानं काळमाथ्याच्या डोंगरांवरची जागा मागितली की 'काळमाथा सोवळ्यात', आणि परत केली की 'सोवळं सुटलं'. हा शब्द आणला सिद्धार्थ गजभियांनी, तिथल्या पाळीप्रमुखांनी. एकदा दिल्लीच्या एका मोठ्या साहेबानं कपाळाला आठ्या घालून त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला. गजभिये चहा ढवळत म्हणाले होते, "साहेब, माझ्या आज्याला गावातल्या विहिरीला शिवू दिलं नाही. आता आभाळाला कोणी शिवायचं ते मी ठरवतो. मग शब्द तरी दुसरा कुठला वापरू?" साहेबानं पुन्हा विचारलं नाही.

पुढे यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण सोवळं-ओवळं तेच बघणार म्हटल्यावर गजभियांनी त्याला 'भटजी' केलं आणि तेच रूढ झालं. भटजींनी ठोकळे मोडीत काढले. आता सोवळं विमानाभोवती फिरायचं. लढाऊ विमान उडालं की त्याच्याभोवती आभाळाचा एक गोळा राखीव व्हायचा, विमान सरकेल तसा सरकायचा, मागची जागा लगेच मोकळी. आत कोण आहे, कशाला आहे, हे भटजींना ठाऊक असे, पण ते सांगत नसत. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसायचा फक्त एक काळा डाग. प्रवासी विमानांतल्या यंत्रांनाही भटजी परस्पर तो डाग कळवत आणि ती विमानं आपण होऊन बाजूला होत. वैमानिकानं कितीही दांडगाई केली तरी विमान डागात नाक घालत नसे. दोन देशांत असल्या दांडगाईनं अपघात झाल्यावर वैमानिकांच्या हातातली ती मुभा काढूनच घेतली होती.

आणखी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

पहिली ही की, विमान डोंगराआड गेलं आणि रडारला दिसेनासं झालं, तरी भटजी ते पुसत नसत. घरातलं माणूस न्हाणीघरात शिरलं तर ते नाहीसं झालं असं आपण मानत नाही, तसंच. वेग, दिशा, वारा आणि त्या वैमानिकाच्या आजवरच्या सवयी यांवरून ते आता कुठे असेल याचा अंदाज यंत्र बांधायचं आणि डाग तिथे न्यायचं. अंदाज जितका जुना, तितका डाग मोठा. जेवढं ठाऊक नाही तेवढं सोवळं वाढवायचं, असा तो हिशेब. इंधन संपलं असेल, असा तर्क मात्र यंत्रानं करायचा नाही, कारण सैन्याच्या विमानात हवेतल्या हवेत इंधन भरता येतं.

दुसरी ही की, सोवळं दोघांनी मिळून सोडायचं असतं. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं. घेणारा नसेल तर त्याचा हवाई तळ त्याच्या वतीनं सोडतो. आत अजून विमान आहे असा यंत्राचा अंदाज असेल, तर घेणारा कुठे आहे हेही देणाऱ्यानं सांगायचं. आणि तेही तोंडी सांगून सोडायचं, कारण बटण चुकून दाबलं जातं. शब्द सहसा चुकून तोंडातून निघत नाही.

कालिंदी चौबळनं मात्र तो शब्द तोंडातून काढलाच नव्हता.

विंग कमांडर उदयन चौबळ, म्हणजे तिचा नवरा, एका नव्या विमानाची चाचणी करायला काळमाथ्याच्या दऱ्यांमध्ये शिरला, तेव्हा कंट्रोलवर तीच बसलेली होती. सोवळं त्यानं मागितलं, तिनं दिलं. सगळं बोलणं नियमाप्रमाणे इंग्रजीत झालं. मग डोंगराआड उतरताना नेहमीच्या खोडीप्रमाणे त्यानं एकच शब्द मराठीत टाकला, "येतो." तिनं नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही, फक्त हसली. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. सैन्यानं जंगल पालथं घातलं, धरणात पाणबुडे उतरवले. साधा पत्र्याचा तुकडा मिळाला नाही.

तळानं रीतसर आपल्या बाजूनं सोवळं सोडलं. तेव्हा भटजींनी आपल्या सपाट आवाजात कालिंदीला विचारलं होतं, "घेणाऱ्यांचा शेवटचा शब्द 'येतो'. देणाऱ्यांचं काय म्हणणं?"

"येतो म्हणालाय ना? मग ठेव," कालिंदी म्हणाली.

आता हे चूक होतं, हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. गजभियांनाही कळत होतं. वर कळवून देणाऱ्याचं नाव बदलून घेणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी तसं केलं नाही. जुन्या यंत्राचा अंदाज दऱ्यांपलीकडे धावत नव्हता, म्हणून डाग लहान होता आणि उजाड दऱ्यांवर पडून होता. अधूनमधून एखादं विमान त्याला वळसा घालायचं, आणि सगळी पाळी मुकाट्यानं तो वळसा सांभाळून घ्यायची. नव्या आलेल्या पोरांना आधीच बजावलेलं असे, की तो डाग चौबळ मॅडमचा आहे, त्यावर बोलायचं नाही.

घरी सासूबाई होत्या, सुमतीबाई. सासू-सुनेनं आपसात काही ठरवलं नव्हतं, पण त्या घरातून एक शब्द हद्दपार झाला होता. 'गेला' म्हणायचं नाही. वीज खंडित झाली तर 'लाईट नाहीये'. दूधवाला 'येऊन झाला'. एकदा शेजारच्या बाईंनी गप्पांच्या ओघात कुणाचा तरी मावसभाऊ गेला म्हणून सांगितलं, तर सुमतीबाई उठून आत निघाल्या आणि उगाच डबे पुसत बसल्या. देवापुढे उदयनचा फोटो नव्हता. फोटो दिवाणखान्यात होता, हार नसलेला.

असं चार माणसांच्या समजूतदारपणावर सगळं निभावलं असतं. पण भटजींना नवी बुद्धी बसवली.

ही नवी बुद्धी जुन्या उड्डाणांचे सगळे साठे वाचून शिकली होती. कोणता वैमानिक कुठे वळतो, कुठे रेंगाळतो, कोणत्या वेळी परततो, हे तिला पाठ. ती बसवली त्याच आठवड्यात दुपारच्या पाळीत कालिंदीनं पडद्यावर पाहिलं, आणि ती खुर्ची पुढे ओढून पडद्याशी वाकली. दऱ्यांवर इतका काळ निपचित पडलेला डाग हलत होता.

तो काळमाथ्याच्या खिंडीतून बाहेर पडला. सरळ तळाकडे न वळता भंडारपाण्याच्या धरणावरून त्यानं डावीकडून मोठा फेरा घेतला आणि शिक्षक कॉलनीवरून संथपणे सरकला. कालिंदीनं ओठ आवळून घेतले. तो फेरा तिच्या ओळखीचा होता. सरळ वाट सोडून उदयन डावीकडून यायचा, कारण तिथून आपल्या घराची गच्ची दिसते. हे त्यानं फक्त तिला सांगितलं होतं. यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ते उदयनच्या उड्डाणांतून उचललं होतं.

पडद्यावर तिकडे नुसता काळा डाग होता. खिडकीतून दिसत होतं ते निरभ्र, रिकामं आभाळ.

तिनं हळूच विचारलं, "आत कोण आहे?"

"सांगता येत नाही," भटजी म्हणाले. मग नियमात बसेल तेवढं सांगितलं, "येत आहेत."

त्यानंतर कालिंदी दुपारची पाळी मागून घेऊ लागली. सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला गच्चीवर उभी राहायची. वर काही नसायचं. घारसुद्धा नसायची. पण आत्ता, या क्षणी तो डोक्यावर आहे, अशी तिची खात्री असायची आणि अंगावर काटा यायचा. ती भीती होती की सुख, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. एकदा न राहवून तिनं सासूबाईंना सांगितलं. सुमतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे सांडगे-कुरडया वाळत घालायचं काम नेमकं त्या वेळेला निघू लागलं. कालिंदी पाळीवरून परतली की त्या विचारायच्या, "आला होता का गं?" आणि कालिंदी म्हणायची, "हो आई, आला होता."

त्या घरात आता मरणही नव्हतं आणि जगणंही नव्हतं, नुसतं येणं होतं. रोज येणं, आणि कधीच न पोचणं.

तिकडे डाग वाढत होता. तो उडत होता खरा, पण निव्वळ अंदाजावर, आणि अंदाज दिवसागणिक शिळा होत होता. आधी कॉलनीपुरता होता, मग धरण झाकू लागला. पावसाळ्याआधी त्याची कड खडकवेसच्या धावपट्टीकडे येणाऱ्या नेहमीच्या वाटेला टेकली. गजभियांनी कालिंदीला कँटीनमध्ये गाठलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. वरच्या लोकांना डाग दिसलाय, चौकशीला येणार आहेत, आणि ते आपल्या पद्धतीनं, उपटून काढल्यासारखा काढतील, असं त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा तूच सोड, म्हणाले.

कालिंदीनं कप बाजूला सारला. "सर, आजवर त्याला कुणीच मारलेलं नाहीये," ती म्हणाली. "डोंगरानं मारलं असेल तर ते कुणी पाहिलं नाही. मी तो शब्द म्हटला तर मीच मारल्यासारखं होईल."

गजभियांनी आपल्यातला अर्धा वडा तिच्या बशीत ठेवला, आणि जाताना एवढंच म्हणाले, की पोरी, सोवळं माणसासाठी असतं, माणूस सोवळ्यासाठी नसतो.

वरचे लोक यायच्या आतच तो दिवस उजाडला.

दुपारपासून पश्चिमेला वळवाचे ढग चढत होते. विमानांची पांगापांग चालू होती. त्यातच बंगळूरहून येणाऱ्या एका प्रवासी विमानाला गारांनी गाठलं. कॅप्टन तस्नीम मुल्लांचा आवाज आला, तो थंड होता. एक इंजिन बंद पडलंय, दुसरं खोकतंय, उंची टिकत नाही, सरळ खडकवेसला उतरू द्या, असं त्या म्हणाल्या. विमान गच्च भरलेलं होतं, सुट्ट्या संपवून परतणारी बायकापोरं.

त्या विमानाला सरळ वाट म्हणजे धरणावरून, शिक्षक कॉलनीवरून थेट धावपट्टी. कालिंदीनं वाट दिली. विमानानं नाक वळवलं, आणि वळवलेलं नाक पुन्हा आपोआप ढगांकडे फिरवलं.

डाग धरणावर होता. रोजच्या वेळेला, रोजच्या फेऱ्यावर. उदयन घरी येत होता.

तस्नीमबाईंनी विचारलं, माझ्यासमोर आभाळ स्वच्छ दिसतंय, विमान तिकडे जायला का नकार देतंय? तिथे कोण आहे? या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या केंद्रात एकाच बाईकडे होतं. गजभिये येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांनी तळाला फोन लावला होता. तळ म्हणाला, आमची बाजू आम्ही केव्हाच सोडली आहे. उरली होती ती फक्त देणाऱ्याची बाजू.

कालिंदीनं भटजींची वाहिनी उघडली. अजूनही तिनं पळवाट शोधलीच. "काळमाथा, सोवळं सुटलं," ती म्हणाली. नुसतं तेवढंच.

"सोडता येत नाही," भटजी म्हणाले. "घेणारे आत आहेत. येत आहेत."

"आत कोणी नाही."

"घेणाऱ्यांचा शेवटचा शब्द 'येतो'."

तस्नीमबाई उंची सांगत होत्या. प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा कमी असायचा. पडद्यावर काळा डाग डावीकडून आपला मोठा फेरा पुरा करत होता, शांतपणे, कसलीही घाई नसल्यासारखा. कालिंदीला वाटलं, हात लांब करून तो झाकावा. तिला वाटलं, या यंत्राला काय सांगू? चूक त्याची नव्हतीच. त्यानं एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तिनं त्या विश्वासाच्या आड घर केलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "आमच्याकडे निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही. अशुभ असतं म्हणून 'येतो' म्हणतं. शेजारी निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणतं, आणि कायमचं निघालेलंही. त्याचा अर्थ परत येतो असा होतोच असं नाही. कळलं?"

"अर्थ नोंदवला. मग घेणारे कुठे आहेत?"

खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला गजभियांचा हात तिला जाणवला. सगळी पाळी आपापल्या पडद्याकडे बघत होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो शब्द वापरून इतका काळ लोटला होता, की तो जिभेवर कसा ठेवायचा हेच तिला आठवेना.

"गेला," कालिंदी म्हणाली. "उदयन गेला."

भटजींनी नियमाप्रमाणे तिचे शब्द तिलाच परत ऐकवले, वर आदरार्थी करून. "उदयन चौबळ गेले. सोवळं सुटलं."

डाग विझला. विरघळला नाही, लहान होत गेला नाही. होता आणि नव्हता. कॉलनी, धरण, खिंड, सगळं आभाळ पडद्यावर मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या आभाळात तस्नीमबाईंच्या विमानाचा ठिपका नाक वळवून शिरला. कालिंदीनं त्यांना वाऱ्याची दिशा सांगितली, धावपट्टी सांगितली, अग्निशमनवाल्यांना उभं केलं. तिच्या बोलण्यात एकही अक्षर हललं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाला आदळल्यासारखं टेकलं, घसरत गेलं आणि थांबलं. सगळे जिवंत होते. मग मात्र तिनं हेडसेट काढला आणि टेबलावर डोकं टेकून ती हुंदके देत रडली. अशा वेळी माणसाला थांबवू नये एवढं गजभियांना कळत होतं, त्यांनी थांबवलं नाही.

पाळी बदलली. कालिंदीनं तोंड धुतलं, पर्स घेतली, आणि सवयीनं गजभियांना म्हणाली, "येते सर." लगेच तिच्या लक्षात आलं, की वाहिनी अजून उघडी आहे. ती परत वळली आणि वाकून हेडसेटशी बोलली, "म्हणजे घरी जाते. उद्या सकाळी येईन."

"नोंदवलं," भटजी म्हणाले.

ती घरी पोचली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. वळीव कॉलनीला हूल देऊन पुढे सरकला होता. सुमतीबाई गच्चीवरच होत्या. कुरडयांची परात तशीच पडलेली, अर्ध्या कुरडया वाऱ्यानं गच्चीभर उडालेल्या, आणि त्या कठड्याला टेकून धरणाच्या दिशेनं बघत उभ्या. रस्ताभर कालिंदीनं वाक्यं जुळवली होती. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, आधी विमानाचं सांगायचं की आधी शब्दाचं. सासूबाईंना बघितल्यावर त्यातलं एकही आठवेना.

रोजचा प्रश्न आला नाही. सुमतीबाईंनी मागे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"दुपारी आवाज आला. इतक्या दिवसांत या वेळेला या घरावर कधी विमानाचा आवाज आला नाही. तूच म्हणाली होतीस, त्याची जागा राखून ठेवलीय म्हणून कुणी इकडून येत नाही. म्हटलं, मग हा तोच. दुसरा कोण असणार? मी पदर काढून हलवला गं. वेड्यासारखा हलवला." त्यांनी पदर सारखा केला. "खूप खाली आलं होतं. मोठं होतं, पांढरं. खिडक्या होत्या ओळीनं. खिडक्यांत माणसं होती, एका पोराचं तोंड काचेला लागलेलं मला दिसलं. त्याचं विमान नव्हतं ते."

कालिंदी पुढे झाली आणि तिनं त्यांचा हात धरला. हात गार पडला होता.

"तेव्हा समजलं मला," सुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदाच सुनेकडे वळून पाहिलं. "आज आपल्या घरावरून विमान गेलं, कालिंदी."

'गेलं' हा शब्द त्यांनी अगदी नीट, ठासून उच्चारला.

"हो आई," कालिंदी म्हणाली. "गेला."

मग दोघी खाली बसल्या आणि अंधार पडायच्या आत गच्चीभर उडालेल्या कुरडया वेचू लागल्या. वरून एकामागून एक विमानं जात होती, आणि प्रत्येक आवाजाला दोघींचे हात क्षणभर थांबत होते.